नळाचे पाणी आणि मैल्याची टोपली



शाळेतील इतिहासाच्या पुस्तकात लढाया असतात, तह असतात, राजघराण्यांच्या वंशावळी असतात. गावात नळ केव्हा आला, गटार केव्हा बांधले गेले, त्याआधी मैला कोण वाहून नेत असे, हे त्यात सापडत नाही. वास्तविक आपल्या आजी-पणजीच्या आयुष्याचा निम्मा वेळ पाण्याच्या पायी गेला आणि आपल्यापैकी अनेक घरांतील कर्ती माणसे नगरपालिकेच्या सफाई खात्यात राबून गेली. म्हणून हा विषय आम्ही यंदा अभ्यासाला घेतला आहे. सर्व महाराष्ट्राचा इतिहास एका लेखात मावणे शक्य नाही. मुंबई, महाड आणि मराठवाडा-सोलापूरकडचा दुष्काळी मुलूख यांच्या आधाराने आम्ही मुख्य धागा दाखवणार आहोत.

तो धागा असा. नळ टाकणे आणि त्या नळाला कोणाचाही हात लागू देणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिले इंजिनिअरांनी केले, दुसरे आपल्या माणसांना लढून करावे लागले. शिवाय शहरात पाणी आणण्याची सोय नेहमी आधी झाली आणि घाण बाहेर नेण्याची मागाहून. मधल्या काळातील उणीव माणसांच्या डोक्यावरील टोपलीने भरून काढली. ही माणसे कोणत्या वस्तीतून येत, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको.

कान्हेरीच्या पोढी

मुंबईच्या पाण्याची कथा बहुतेक लोक इंग्रजांपासून सुरू करतात. आम्ही ती कान्हेरीपासून सुरू करतो. बोरिवलीच्या डोंगरातील या लेण्यांत शंभराहून अधिक गुंफा आहेत आणि जवळजवळ प्रत्येक विहारापाशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके आहे. डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी खडकातल्या पन्हळींनी टाक्यात यावे, अशी रचना आहे. शिलालेखात या टाक्याला ‘पोढी’ असा शब्द येतो. लेणे दान देणारे जसे होते तसे पोढी दान देणारेही होते. त्यांत कल्याणच्या एका सोनाराचीही नोंद आहे. पाणी खोदून देणे हे तेव्हा धम्मकार्य समजले जाई. जुन्नर, कुडा, नाशिक येथील लेण्यांतही अशा पोढी आहेत आणि महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांतही आहेत. पुढे ज्या गावात पाण्यासाठी एवढे रण माजले, त्या गावाच्या वेशीबाहेरच भिक्खुसंघाची पाण्याची टाकी होती, ही गोष्ट मनाशी ठेवावी.

विनयपिटकातील चुल्लवग्गात शौचकूपाचेही नियम आहेत. तेथे ज्येष्ठ-कनिष्ठ हा क्रम पाळायचा नाही, जो आधी आला त्याने आधी जावे, असे भगवंतांनी ठरवून दिले. जागा घाण दिसली तर ज्याला दिसली त्याने ती स्वच्छ करावी. म्हणजे संघात संडास होता पण भंगी नव्हता. पुष्प-कचरा वेचणारा सुणीत तर स्वतःच भिक्खू झाला. या नियमांकडे केवळ आचाराच्या बारीकसारीक गोष्टी म्हणून पाहणाऱ्यांना आम्ही एवढेच सुचवू की त्यांनी आपल्या नगरपालिकेचे हजेरीपुस्तक एकदा पाहावे.

विहार, तुळशी, तानसा

इंग्रजांच्या अमलात मुंबई बेट वाढले, पण पाणी विहिरी आणि तलावांचेच राहिले. धोबीतलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी ही नावे आज फक्त रस्त्यांना नि बसथांब्यांना उरली आहेत. तेथे खरेच तलाव होते. बरेचसे धनिक शेटियांनी खोदवलेले. १८५४ मध्ये पाऊस दगा देऊन गेला तेव्हा शहरातील गुरेढोरे बाहेर हलवावी लागली आणि बोटींतून व नव्यानेच सुरू झालेल्या आगगाडीतून पाणी आणून विहिरींत ओतावे लागले. त्या हलाखीनंतर हेन्री कॉनिबिअर या इंजिनिअराच्या योजनेप्रमाणे मिठी नदीवर विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६० मध्ये पाणी शहरात आले. हा तलाव कान्हेरीच्याच डोंगररांगेत आहे आणि त्याचे नावही विहार. व्युत्पत्तीचा निवाडा भाषापंडितांवर सोपवू.

विहारचे पाणी दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख लिटर. १८६४ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजार भरली. भागाकार केला तर माणशी ३९ लिटर पडतात. हे कागदावर. प्रत्यक्षात गिरण्या, गोदी, बंगले आणि बागा यांनी आधी पिऊन जे उरेल ते चाळीच्या नळाला. तहान भागेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला आणि १८९२ मध्ये शहरापासून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेला तानसा. तानशाच्या पुढच्या वाढी १९१५, १९२५ आणि १९४८ मध्ये झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये वैतरणेवरचे धरण झाले. इंजिनिअर मोडक यांच्या नावाने ते आज मोडकसागर म्हणून ओळखले जाते. मग १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, नंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज मुंबईला रोज पावणेचारशे कोटी लिटरांच्या वर पाणी येते. त्यातील बहुतेक पाणी ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका व आसपासच्या डोंगरी मुलखातले आहे आणि त्याच शहापूर तालुक्यातील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. या विषयावर स्वतंत्र लेख होईल.

चावी कोणाच्या हातात?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आज वाचताना ही लहानशी गोष्ट वाटते. पण पाण्याच्या इतिहासात खडकवासल्याच्या धरणाइतकेच, जे १८७९ मध्ये पुरे झाले, तिचे मोल आहे. धरणाने पाणी वाढवले, हौदाने पाण्याचे मालक वाढवले.

नळाने शिवाशिव आपोआप जाईल, असे त्या काळी काही सुधारकांना वाटे. विहिरीत पोहरा सोडला तर पाणी ‘बाटते’, पण नळातून पडणारे पाणी कसे बाटणार? युक्तिवाद ठीक होता. परंतु जातीला युक्तिवाद लागत नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेची हकिगत लिहून ठेवली आहे. शाळेत नळ होता. इतर मुलांना तहान लागली की ती जाऊन चावी फिरवत. छोट्या भीमरावाला मात्र नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने चावी सोडली तरच पाणी, शिपाई नसला तर तहानलेलेच राहायचे. विद्यार्थ्यांनी हा प्रसंग नीट समजून घ्यावा. तेथे पाण्याची टंचाई नव्हती, नळही होता. अडत होते ते फक्त चावीपाशी.

हेच बाबासाहेब पुढे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत सुमारे २२ वर्षे राहिले. हा ट्रस्ट १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झाला होता. मजल्यावर सामाईक नळ, सामाईक संडास. १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे बी. डी. डी. चाळी झाल्या, त्यांची रचनाही तीच. कोकणातून आणि घाटावरून आलेली आपली हजारो माणसे तेथे स्थिरावली. एका मजल्याच्या नळावर पहाटे चारला लागलेल्या रांगेत भांडणे झाली, तसे एकमेकींच्या बाळंतपणाला धावूनही गेल्या. गावच्या पाणवठ्यावर दूर उभे राहून कोणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतण्याची वाट पाहणारी बाई येथे स्वतःच्या हाताने चावी फिरवू लागली. मुंबईच्या चाळींना नावे ठेवणाऱ्यांना हे सहसा दिसत नाही.

‘सार्वजनिक’ या शब्दाचा खटला

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा त्याचा आशय. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी तसे हुकूम काढले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. तळ्याकडे जाण्याची कोणाची हिंमत झाली नाही. पाहा, म्हणजे मालकी नगरपालिकेची, ठराव नगरपालिकेचा, पाणी भरपूर, आणि तरी पाणी वर्ज्य.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्यांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, हा तपशील पुष्कळदा भाषणांतून गळतो. तळे काही पावलांवर असताना पाणी विकत! दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी घेतले आणि त्यांच्या मागोमाग हजारोंनी घेतले. त्यानंतरचा हल्ला, तळ्याचे गोमूत्र-शेणाने केलेले ‘शुद्धीकरण’, २५ डिसेंबरचे मनुस्मृतीदहन हे सर्वांना पाठ आहे. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते कोर्टातील लढ्याकडे, कारण तो दहा वर्षे चालला आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात सवर्ण मंडळींनी दावा लावून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. त्यांचे म्हणणे दुहेरी होते. एक, तळे भोवतालच्या घरमालकांचे खासगी आहे. दोन, अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये, ठाण्याच्या जिल्हा कोर्टाने १९३३ मध्ये आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफिल्ड यांनी निकाल दिला. तळे चार-पाच एकरांचे, पावसाच्या व झऱ्यांच्या पाण्याचे, चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते. मुसलमानही ते पाणी वापरत. अशा तळ्यावर एका वर्गाचा अनादी हक्क सिद्ध होत नाही, म्हणून अपील फेटाळले. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट पाहावी. कोर्टाने अस्पृश्यता अन्यायाची आहे, असे म्हणून निकाल दिलेला नाही. वहिवाट शाबीत होत नाही, एवढेच म्हटले आहे. वहिवाट शाबीत झाली असती तर काय, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर बाबासाहेबांना राज्यघटनेत लिहावे लागले. अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो याचसाठी. घटनेसारख्या ग्रंथात विहिरीचे नाव कशाला, असे विचारणाऱ्याला महाडचा खटला वाचायला द्यावा.

मैल्याची बाजू

विहारचे पाणी शहरात आले, पण ते बाहेर कसे जाणार याचा विचार कोणी पुरेसा केला नव्हता. पूर्वी विहिरीतून शेंदून आणलेले पाणी थोडे असे, जमिनीत मुरे. आता नळाचे पाणी वाहू लागले, उघड्या मोऱ्या भरून वाहू लागल्या, जमीन सदा ओली राहू लागली आणि रोगराई वाढली. १८६५ नंतर म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड आणि आरोग्य अधिकारी डॉ. ह्यूलेट यांनी सफाईचे काम जोराने हाती घेतले. भूमिगत गटारांची आखणी झाली. वरळीच्या लव्हग्रोव्ह येथे मैलापाणी उपसून समुद्रात सोडण्याचे पंपिंग स्टेशन उभे राहिले. पण गटार कोट आणि मुख्य रस्त्यांपुरते. उरलेल्या शहरात घरामागे अरुंद बोळ, बोळात संडासाची खालची झडप आणि झडपेखाली टोपली. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात ‘हलालखोर कर’ होता. घरमालक कर भरी आणि त्या बदल्यात हलालखोर मैला वाहून नेई. गुजरात-काठेवाडातून आणलेला मेहतर समाज आणि झाडलोटीला आपली महार-मांग मंडळी, यांच्या जिवावर ते शहर स्वच्छ राहात होते.

किती जिवावर, ते १८९६ च्या प्लेगात उघड झाले. रोग्यांना जबरदस्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा शहरातून पळ सुरू झाला. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ती सक्ती थोड्याच दिवसांत सैल केली. त्यामागची एक मोठी धास्ती अशी की हलालखोर आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. गटारांवर एवढा पैसा ओतलेल्या शहराचा मुख्य आधार अजून टोपलीच होता, हे त्यांनी जाणले होते. गंमत अशी की त्या वेळी प्लेगाचा दोष गटारांतल्या घाणीला देऊन ती समुद्राच्या पाण्याने आणि जंतुनाशकांनी धुण्यात आली. उंदरावरील पिसवा हे खरे कारण पुढे कळले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. १९५२ मध्ये तिचा अहवाल आला. डोक्यावरून मैला वाहणे थांबवावे, ढकलगाड्या द्याव्यात, असे त्यात सुचवले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारा संडास तयार केला आणि स्वतः भंगीकाम केले. अप्पांच्या तळमळीबद्दल आम्हाला आदर आहे. तथापि सवर्णाने हौसेने टोपली उचलली म्हणून जन्माने उचलणाऱ्याची टोपली खाली उतरत नाही. ती उतरते फ्लश, भूमिगत गटार आणि दुसरी नोकरी मिळाली म्हणजे. डोक्यावरून मैला वाहण्याविरुद्ध देशपातळीवरचा पहिला कायदा १९९३ मध्ये झाला, विहारच्या नळानंतर १३३ वर्षांनी! तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

हापसा आला

खेड्यांकडे वळू. महाराष्ट्राच्या खेड्यात नळ फार उशिरा गेला आणि त्याआधी गेला तो हापसा. १९७२ च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला, तेव्हा कठीण खडकात खोल बोअर घेणारी यंत्रे आली. पण बोअरवर बसवलेले बिडाचे पंप चार दिवसांत मोडत. ते विलायतेत एका कुटुंबाच्या वापरासाठी बनवलेले, आणि येथे एका पंपावर अख्खे गाव. या अडचणीवर उपाय आपल्याच मुलखात निघाला. जालन्याच्या मिशनमधील लोकांनी पोलादी पंप बनवला, अहमदनगर जिल्ह्यातील वडाळ्याला त्यात सुधारणा झाली आणि सोलापुरात त्याला आणखी मजबूत रूप आले. या सोलापुरी पंपावरूनच सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा तयार झाला आणि देशभर, पुढे आफ्रिकेतही गेला. गावच्या लोहाराला समजेल असे यंत्र जगभर उपयोगी पडले, याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान वाटावा.

हापशाने एक काम न बोलता केले. विहीर एकच असे, ती गावात असे आणि तिचे काठ वाटलेले असत. बोअर मात्र थोड्या खर्चात वस्तीवर घेता येई. केंद्र सरकारच्या ग्रामीण पाणीपुरवठा योजनेत अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी किमान २५ टक्के आणि जमातींसाठी १० टक्के निधी राखण्याचा निकष होता. त्यामुळे बौद्धवाड्यात हापसा आला. याबद्दल आमच्या मनात दोन विचार येतात. बायाबापड्यांची पायपीट व मानहानी थांबली, हे निर्विवाद चांगले झाले. पण वस्तीला वेगळा हापसा मिळाला म्हणून गावच्या विहिरीचा प्रश्न मिटला, असे म्हणणे म्हणजे महाडला वेगळे तळे खोदून द्यायला हवे होते, असे म्हणण्यासारखे आहे. आणि वस्तीचा हापसा नादुरुस्त झाला की काय होते, ते प्रत्येक मार्च महिन्यात दिसते.

१९७६ च्या कायद्याने राज्यात पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ स्थापन झाले. १९९७ पासून ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरण या नावाने ओळखले जाते. मंडळाच्या नावात पाणी आणि मैला दोन्ही होते. खेड्यांत मात्र कामे मुख्यतः पाण्याची झाली. २००० मध्ये सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने संडासाचा विषय प्रथमच गावाच्या चावडीवर आणला. ज्यांनी पंढरपूरची धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या संस्थेच्या स्वाधीन केली, त्या गाडगेबाबांचेच नाव या कामाला मिळाले, हे योग्य झाले. २०१४ पासून स्वच्छ भारत मोहिमेत घरोघरी संडास बांधले गेले, २०१९ पासून जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले. संडास बांधताना दोन शोषखड्डे केले असतील तर एक भरल्यावर दुसरा वापरायचा आणि पहिल्यात वर्ष-दीड वर्षात कोरडे खत होते. एकच मोठी टाकी बांधली तर ती कोणाला तरी उपसावी लागते. आपल्या घरी यातले काय आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने आज संध्याकाळी विचारून पाहावे.

अजूनही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या माहितीप्रमाणे देशाच्या शहरांत रोज सुमारे ७,२३७ कोटी लिटर मैलापाणी तयार होते आणि शुद्धीकरणाची उभारलेली क्षमता सुमारे ३,१८४ कोटी लिटरांची, म्हणजे निम्म्याहूनही कमी. विहारच्या वेळची चूक आपण मोठ्या प्रमाणावर पुन्हा करीत आहोत. जेथे गटार आहे तेथेही ते तुंबल्यावर मॅनहोलमध्ये माणूस उतरवला जातो आणि विषारी वायूने गुदमरतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे गुन्हा आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंबद्दल प्रत्येकी दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ही रक्कम तीस लाख केली. ठेकेदार पुष्कळदा कुटुंबाला हे सांगत नाही. आपल्या वस्तीत अशी दुर्घटना घडल्यास रक्कम ठेकेदाराच्या दयेवर नसून हक्काची आहे, हे संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्या घरी जाऊन सांगितले पाहिजे. गुन्हा नोंदवून घेताना २०१३ चा कायदा लावला की नाही, हेही पाहिले पाहिजे.

मुंबईत १९९५ नंतरच्या, पुढे २००० नंतरच्या झोपड्यांना नळजोडणी नाकारली जात असे. झोपडी बेकायदा म्हणून तहानही बेकायदा. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई हायकोर्टाने सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि झोपडी अनधिकृत असली तरी पाणी नाकारता येणार नाही. महाडच्या निकालानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी त्याच हायकोर्टात ‘पाणी कोणाला’ हाच प्रश्न आला, यावेळी जातीऐवजी झोपडीच्या तारखेच्या रूपाने. मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण लागू केले. अर्ज वॉर्ड ऑफिसच्या जलखात्याकडे करावा लागतो. एकट्याने चकरा मारण्यापेक्षा दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून गेलेले बरे, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.